रिपीटचा रकाना

विंचूरहून फोन आला तेव्हा स्टाफरूममध्ये धम्मपाल पगारे सर एकटेच होते. तिथल्या एका नव्या डायग्नोस्टिक सेंटरला एक्स-रे काढायला दोन मुलं हवी होती. पगारे सर नाशकातल्या या कॉलेजात तीस वर्षं रेडिओग्राफी शिकवत होते, त्यामुळे असे फोन त्यांना नवे नव्हते. त्यांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि आपल्या बॅचमधली दोन नावं मनातल्या मनात ठरवूनही टाकली. तेवढ्यात पलीकडचे डॉक्टर म्हणाले, "शक्यतो निकम मॅडमच्या हाताखालची द्या हं. मागच्या वर्षी त्यांनी एक मुलगी पाठवली होती, फार तयार आहे."

सर "बरं" म्हणाले. कागदावर त्यांनी 'निकम' एवढंच लिहिलं आणि फोन ठेवला. निरोप चैतालीपर्यंत पोचवायला त्यांनी दुसरा दिवस उजाडू दिला, तोही शिपायाच्या हाती.

चैताली निकम म्हणजे काही परकी बाई नव्हती. चौदा वर्षांपूर्वी ती याच कॉलेजात पगारे सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. वडील अंबडच्या कारखान्यात फिटर होते. पहिल्या सत्रात या पोरीला पायाच्या दोन हाडांतलं कुठलं आतलं आणि कुठलं बाहेरचं, हेही धड सांगता येत नव्हतं. सरांनी तिला शिकवलं, पास केलं, आणि पुढे कॉलेजात जागा निघाली तेव्हा प्राचार्यांकडे तिचं नावही त्यांनीच सुचवलं. पहिली दोन वर्षं कुणी पाहुणा आला की सर तिच्याकडे हात करून म्हणायचे, "ही आमची चैताली." मग कधीतरी ते म्हणणं बंद झालं. नेमकं केव्हा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. द्राक्षाच्या घडातला एखादा मणी आतून नासू लागतो, वरून घड तसाच दिसतो, तसं काहीसं झालं होतं.

आता मुलांसमोर ते तिला 'मॅडम' म्हणत, पण त्या शब्दावर जरा जास्तच जोर देऊन. हॉस्पिटलमधले रेडिओलॉजीचे डॉक्टर सकाळी सहज विचारत, "आज निकमची बॅच आहे ना? मग बरं." ते 'मग बरं' सरांच्या पोटात दिवसभर दुखत राही. कँटीनमध्ये तिच्याभोवती मुलं कोंडाळं करून बसत, आणि सर आत शिरले की त्यांची स्वतःची मुलं उठून उभी राहत. इतकी वर्षं त्या उठून उभं राहण्यालाच ते मान समजत आले होते. हल्ली मात्र त्यांची नजर पलीकडच्या टेबलाकडे जाई. तिथलं कुणीच उठत नसे, आणि तिथूनच हसण्याचा आवाज येत असे.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. जूनमध्ये अभ्यासक्रमाचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. आणि वरून पत्र आलं की यापुढे नुसती पास-नापासची टक्केवारी चालणार नाही. मुलांना हाताने काय येतं, शिकवल्यामुळे त्यांच्यात काय फरक पडला, ते मोजून दाखवा. प्राचार्या देवरे मॅडमनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. आधी हा अहवाल येऊ द्या, म्हणाल्या, प्रमुख कोण ते मी त्यानंतर ठरवीन. आणि अहवाल तयार करायचं काम वयाने आणि अनुभवाने मोठे म्हणून त्यांनी पगारे सरांवर सोपवलं.

सरांना निवृत्तीला तीन वर्षं होती. ती तीन वर्षं त्यांना त्या खुर्चीवर बसायचं होतं. इतरांना त्यात हाव दिसली असती, सरांना तो न्याय वाटत होता. ज्या मुलीला आपण हाड ओळखायला शिकवलं, तिच्या हाताखाली रजेचा अर्ज द्यायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

काय मोजायचं हे त्यांनी लगेच ठरवलं. एक्स-रे बिघडला की तोच पुन्हा काढावा लागतो. पेशंट हलला, हाड चौकटीबाहेर गेलं, श्वास रोखायला सांगायचं राहिलं, कारण काहीही असो. खात्यात त्याला 'रिपीट' म्हणतात. प्रत्येक रिपीट म्हणजे पेशंटच्या अंगात विनाकारण गेलेले जास्तीचे किरण. तेव्हा ज्याचे रिपीट कमी, त्याचा हात चांगला. इतकं स्वच्छ माप दुसरं नव्हतं. सरांनी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक नोंदवही छापून घेतली. तारीख, अवयव, एकूण एक्स-रे, आणि शेवटचा रकाना रिपीटचा. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तीन महिने मुलांनी ती स्वतः भरायची होती. दुसऱ्या वर्षाची चोवीस मुलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार एक्स-रेच्या खोलीत पगारे सरांची बारा, तर मंगळवार, गुरुवार, शनिवार चैतालीची बारा.

वह्या वाटताना सरांनी आपल्या बॅचला दोन शब्द सांगितले. शेवटच्या रकान्यात जेवढे आकडे, तेवढे अंतर्गत गुण कमी होतील. आणि माझ्या बॅचचं तीस वर्षांचं नाव या एका रकान्यात बुडवू नका. मुलांनी मान डोलावली. त्यांच्या वर्गात मागच्या भिंतीवर एक फळा होता. कुणाचा एक्स-रे बिघडला की त्याची प्रत नावासकट आठवडाभर त्या फळ्यावर लागायची. मुलं त्याला 'फाशीचा फळा' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. भीती असली की हात चुकत नाही, असं त्यांचं साधं गणित होतं.

चैतालीने वह्या वाटताना काय सांगितलं ते त्यांना कळलं नाही. पण तिचा शनिवारचा तास त्यांना माहीत होता. दुपारी तीन वाजता ती वर्गाचे पडदे ओढायची आणि आठवड्यात बिघडलेले एक्स-रे भिंतीवर मोठे करून दाखवायची. पहिला एक्स-रे तिचा स्वतःचा, मग एकेका मुलाचा. काय चुकलं हे ज्याचं त्याने सांगायचं, कसं सुधारायचं हे बाकीच्यांनी. त्या अंधाऱ्या खोलीतून अधूनमधून हसण्याचा लोंढा बाहेर येई आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या पगारे सरांच्या नाकाला मिरच्या झोंबत. चुका काय मिरवायच्या असतात? सर्कस आहे का कॉलेज?

दिवाळीच्या सुट्टीनंतर वह्या गोळा झाल्या. सरांनी दोन दिवस बसून बेरजा केल्या. त्यांच्या बॅचचे रिपीट निघाले शंभरात तीन, चैतालीच्या बॅचचे शंभरात नऊ.

त्यांनी बेरजा पुन्हा करून पाहिल्या. तीन आणि नऊ. मनात उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा गंभीर ठेवून ते प्राचार्यांकडे गेले. देवरे मॅडमनी चैतालीलाही बोलावलं. सरांना वाटलं होतं, आकडा ऐकून तिचा चेहरा पडेल, ती काहीतरी कारणं देईल. तिने कागद वाचला आणि शांतपणे म्हणाली की आपल्या बॅचचा आकडा बरोबर आहे, आपण स्वतःही तो तेवढाच काढला होता. तीनकडे तिने एकदा पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि कागद परत दिला.

ती नजर सरांना बोचली. तिला आपला संशय येतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं. माप घेणाराही मीच, एका बाजूची बॅचही माझीच, म्हणजे उद्या ही बाहेर जाऊन सांगायला मोकळी की म्हाताऱ्याने आकडे आपल्या बाजूने ओढले. ती तसं काहीच म्हणाली नव्हती. तरी सर मोठ्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हातच्या कांकणाला आरसा कशाला? एक्स-रेच्या मशीनमध्ये प्रत्येक टाकून दिलेल्या फोटोची नोंद राहते. कुठल्या दिवशी किती, सगळं. मी ती नोंद काढून अहवालाला जोडतो. मग कुणाला काही बोलायला जागा नको."

देवरे मॅडमना ही कल्पना आवडली. चैताली तेवढंच म्हणाली, "चालेल, सर."

दुसऱ्याच दिवशी सर हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत गेले. तिथला तंत्रज्ञ रवी दहा वर्षं त्या मशीनवर होता. त्याने तीन महिन्यांची यादी छापून दिली. वारांप्रमाणे बॅच वेगळ्या करणं सोपं होतं. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि आधी चैतालीचे वार जुळवले. शंभरात नऊ. वही आणि मशीन यांत तीन एक्स-रेंचाच फरक निघाला, आणि ते तीन सकाळी मशीन तपासायला काढलेले होते. सर जरा हिरमुसले. मग त्यांनी आपले वार घेतले.

शंभरात तेरा.

"रवी," ते म्हणाले, "वार उलटे छापलेस का?"

"नाही, सर. सोम-बुध-शुक्र तुमची, मंगळ-गुरू-शनि मॅडमची. मी काय आज आलोय का?"

"मग हे तेरा कुठून आले?"

रवीने हातमोजे काढले आणि यादीकडे पाहिलं. "सर, पोरं खराब फोटो आला की चटकन पुढचा काढतात आणि पहिला टाकून देतात. वहीत लिहीत नाहीत. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." मग दाराकडे जाता जाता त्याने एक वाक्य टाकलं, "मशीनला कुठे फाशीच्या फळ्याची भीती असते?"

सरांना त्याचा राग आला. पण त्यांचं लक्ष यादीच्या खालच्या भागाकडे गेलं होतं. मशीनने महिन्यांप्रमाणेही बेरीज दिली होती. चैतालीची मुलं ऑगस्टमध्ये शंभरात चौदा, सप्टेंबरमध्ये नऊ, ऑक्टोबरमध्ये पाच. त्यांची स्वतःची मुलं ऑगस्टमध्ये बारा, सप्टेंबरमध्ये तेरा, ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेरा. म्हणजे सुरुवातीला त्यांची मुलं सरस होती. तिची मुलं खालून आली आणि पुढे निघून गेली. त्यांची मुलं तीन महिने जागच्या जागी उभी होती.

कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

सोमवारी त्यांच्या बॅचचा वार होता. मनात अजून एक आशा होती की मशीनचंच काहीतरी चुकलं असेल. दहाच्या सुमारास एक्स-रे खोलीबाहेरच्या बाकावर चांदवडकडची एक म्हातारी बसलेली त्यांना दिसली. केसपेपरवर नाव नवसाबाई, वय पंच्याहत्तर, खुब्याचा एक्स-रे. सून औषधं आणायला गेली होती, आणि म्हातारीला बोलायला माणूस हवं होतं. सरांचा पांढरा कोट पाहून तिने त्यांना हाताने खूण करून बोलावलं.

"मास्तर, तुमचं ते आतलं पोरगं लय गुनाचं हाय. पन त्यानं माजा तीन डाव फोटू काढला."

"तीन वेळा?"

"तीन डाव. हिकडं वळा, तिकडं वळा. माज्या लग्नातबी येकच निघाला व्हता, त्यातबी मालक आर्दंच आलं व्हतं." ती स्वतःच हसली, आणि मग खुब्यावर हात ठेवून म्हणाली, "त्या गार फळीवर पडून र्‍हायाचं आता नाय व्हत, बाबा. तेवढं त्याला सांगा."

सर आत गेले. आतलं पोरगं म्हणजे योगेश, त्यांच्या बॅचमधला सर्वांत नीटनेटका मुलगा. बेरजा झाल्यावर परत मिळालेली त्याची वही टेबलावर उघडी होती, कारण नोंदी ठेवणं पुढेही चालूच होतं. नवसाबाई, खुबा, एकूण एक, रिपीट शून्य. शाई अजून ओली होती.

त्यांनी दार लोटून घेतलं. ओरडायचं असं ठरवूनच ते आले होते, पण आवाज चढेना.

"आजींचे फोटो किती काढलेस?"

योगेश वहीकडे पाहत राहिला. "तीन, सर."

"आणि लिहिलेस किती?"

"एक."

"का?"

योगेशने पेनाचं टोपण लावलं. मग तो इतक्या हळू बोलला की सरांना पुढे वाकावं लागलं. "तीन लिहिले असते तर ते फळ्यावर लागले असते, सर. का बिघडले ते कुणी सांगितलं नसतं."

सर खुर्चीवर बसले. तिसरा फोटो नीट कसा आला, असं त्यांनी विचारलं. त्यावर योगेशने जे सांगितलं ते ऐकायला नको होतं असं त्यांना वाटलं. म्हाताऱ्या माणसाचा पाय आत वळत नसेल तर ओढायचा नाही, कमरेखाली उशी द्यायची, हे त्याला निकम मॅडमच्या बॅचमधल्या सायलीने शिकवलं होतं. पहिल्या दोन वेळा तो ते विसरला, तिसऱ्यांदा आठवलं. मग, आता एवढं सांगितलंच आहे तर पुढचंही सांगावं अशा चेहऱ्याने तो म्हणाला, "सर, आम्ही चौघं-पाच जण शनिवारी मॅडमच्या तासाला मागे बसतो. अंधार असतो, त्यामुळे कळत नाही कुणाला. मॅडमना माहितीये. त्या म्हणाल्या, सरांना विचारून या. आम्ही विचारलं नाही."

सरांना आधी लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या क्षणी मात्र त्यांच्या छातीत निखारा पडल्यासारखं झालं, आणि तो निखारा निव्वळ मत्सराचा होता. व्हरांड्यातून जाताना ज्या हसण्याचा त्यांना राग यायचा, त्यात त्यांच्याच मुलांचं हसू मिसळलेलं होतं. स्वतःच्या वर्गात त्यांनी ते हसू कधी ऐकलंच नव्हतं, मग ओळखणार कसं?

अहवाल गुरुवारी द्यायचा होता. बुधवारी संध्याकाळी कॉलेज रिकामं झाल्यावर सर तो लिहायला बसले. आपल्या बॅचसमोर त्यांनी तीन लिहिलं आणि चैतालीच्या बॅचसमोर नऊ. मशीनच्या नोंदीसाठी जागा होती, तिथे त्यांच्या सुरेख वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली की तांत्रिक कारणामुळे मशीनची नोंद मिळू शकली नाही. ओळ अगदी खरी वाटत होती. रवीने तोंड उघडलं नसतं. चैताली मागे लागली नसती, तो तिचा स्वभावच नव्हता. आणि खुर्ची मिळाली असती.

मग त्यांनी खिशातली यादी काढून पुन्हा एकदा पाहिली. चौदा, नऊ, पाच. तीस वर्षांत त्यांनी शेकडो निकाल लावले होते, पण अशी उतरत जाणारी ओळ त्यांच्या कुठल्याच बॅचची नव्हती. त्यांनी आठवून पाहिलं, निदान हा शनिवारचा तास तरी ती आपल्याकडून शिकली असेल का. आपणच कधी तिच्या वेळी एखादा बिघडलेला एक्स-रे असा समोर ठेवून हसत समजावला असेल, आणि तिने तो धागा धरला असेल. त्यांनी फार मनापासून आठवलं. तसं काही घडलं नव्हतं. फळा तेव्हाही होता आणि तिचं नावही त्यावर लागलेलं होतं. ते सगळं तिचं तिने शोधलं होतं.

ही गोष्ट त्यांना सर्वांत जास्त लागली, आणि विचित्र असं की लिहिलेली ओळ त्यांनी खोडली तीही याच गोष्टीमुळे. ज्याचा इतका हेवा वाटतो ते मुळी नाहीच, असं आपल्याच हाताने कसं लिहायचं? चौदा, नऊ, पाच ही उतरती ओळ खरी नसती तर पोटात दुखलंच नसतं. आणि नवसाबाईसारख्यांच्या खुब्यातून तीनदा गेलेले किरण एकदाच गेले असं लिहायचं, तर पुढच्या वर्षी वर्गात रेडिएशनच्या धोक्याचा धडा कुठल्या तोंडाने घ्यायचा? त्यांनी नवा कागद घेतला. वहीप्रमाणे तीन, मशीनप्रमाणे तेरा, आणि शेजारी दोन्ही बॅचचे महिन्यांप्रमाणे आकडे. खाली कारण म्हणून लिहिलं की रिपीटला गुण जोडल्यामुळे व बिघडलेले एक्स-रे फळ्यावर लावल्यामुळे विद्यार्थ्यांनी नोंदी लपवल्या. दोष विद्यार्थ्यांचा नसून पद्धतीचा आहे. पद्धत कुणाची, हे सही करणाऱ्याच्या नावावरून कळतच होतं.

गुरुवारी देवरे मॅडमनी अहवाल वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि पुन्हा लावून पहिल्यापासून वाचला. त्यांनी सरांना विचारलं की हे असंच वर पाठवायचं का. सर हो म्हणाले.

चैताली शेजारीच बसली होती. जरा वेळाने ती म्हणाली, "पहिल्या महिन्यात माझी मुलं तुमच्यापेक्षा वाईट होती, सर."

"वाचलंय मी, मॅडम. अक्षर माझंच आहे."

ती हसली नाही, हे त्यांना बरं वाटलं. तिने दिलासा देण्याचा प्रयत्न केला होता आणि तो दिलासा त्यांना काट्यासारखा टोचला होता. हरल्याचं दुःख एक वेळ पचतं, पण जिंकणाऱ्याने पाठीवर हात ठेवला की घास घशातच अडकतो.

आठवड्याने आदेश निघाला. अभ्यासक्रम प्रमुख, चैताली निकम. मुलांनी पेढे वाटले. सरांनी एक घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला. त्याच दुपारी वर्ग रिकामा असताना त्यांनी स्टूल घेतलं आणि मागच्या भिंतीवरचा फळा स्वतः उतरवला. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरट चौकोन राहिला.

दोन दिवसांनी चैताली त्यांच्या टेबलाशी आली. प्रमुख झाल्यावर तिने त्यांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं नाही, स्वतः उठून आली, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही, आणि त्याचाही त्यांना थोडा रागच आला. तिचं म्हणणं होतं की शनिवारचा तास आता दोन्ही बॅचचा एकत्र ठेवू. आणि पहिला तास सरांनी घ्यावा.

"माझी मुलं तशीही येतातच तुझ्याकडे," सर म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून 'तुझ्या' निघालं.

"येतात, सर. पण घाबरत येतात."

मग तिने जरा चाचरत सांगितलं की एक नियम आहे, शिकवणाऱ्याने आधी स्वतःचा बिघडलेला एक्स-रे दाखवायचा, आणि तोही ताजा.

सर विचारात पडले. बिघडलेला सोडाच, स्वतःच्या हाताने काढलेला कुठलाच एक्स-रे त्यांच्याकडे नव्हता. सहा वर्षं झाली, त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. ते मुलांच्या मागे उभे राहून सूचना देत, आणि नंतर फळा भरत.

बुधवारी त्यांच्या बॅचचा वार होता. एक कामगार खांद्याला मार लागून आला होता. योगेश पुढे झाला तेव्हा सरांनी त्याला थांबवलं आणि स्वतः पेशंटच्या गाऊनच्या दोऱ्या बांधल्या, त्याला चित्र टिपणाऱ्या प्लेटसमोर उभं केलं, खांदा जुळवला. बारा मुलं काचेआड दाटीवाटीने उभी होती. सरांना वाटलं होतं, हाताला सगळं आठवेल. खूपसं आठवलंही. पण मुलं पाहताहेत हे लक्षात आलं आणि त्यांनी घाई केली. पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा खांद्याच्या हाडाचं वरचं टोक चौकटीबाहेर होतं. कुणी कुणाकडे पाहिना. सरांनी पेशंटची माफी मागितली, प्लेट दोन बोटं वर सरकवली, दुसरा एक्स-रे नीट काढला. मग टेबलाशी येऊन एका कोऱ्या वहीवर स्वतःचं नाव लिहिलं. खांदा, एकूण दोन, रिपीट एक. कारण, घाई.

शनिवारी तीन वाजता पडदे ओढले गेले. चोवीस मुलं, एका बाजूला त्यांची, दुसऱ्या बाजूला चैतालीची. कुणी तसं बसायला सांगितलं नव्हतं. ती स्वतः सर्वांत मागच्या बाकावर मुलांमध्ये जाऊन बसली. भिंतीवर सरांचा एक्स-रे उमटला, मोठा, चार हात रुंद, त्यातलं हाड वरच्या कडेला कापलेलं.

"काय चुकलंय?" सरांनी विचारलं.

त्यांच्या बाजूचा एकही हात वर झाला नाही. दुसऱ्या बाजूने सायलीने हात वर केला. "सर, प्लेट खाली राहिली. वरचं टोक कापलं गेलं. उंच पेशंट होता का?"

"उंच नव्हता. मीच घाई केली."

कुणीतरी फुसकन हसलं. मग दोघं-चौघं हसले, आणि त्यात त्यांच्या बाजूचाही एक आवाज होता. सरांना कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या, पण फारसं दुखलं नाही. दुखलं ते दुसरंच. इतक्या निर्भयपणे हात वर करून मास्तरांची चूक मास्तरांनाच सांगणारी ही मुलगी आपल्या हातून घडली नव्हती. अंधारात त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. चैताली खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

"पुढचा एक्स-रे कुणाचा?" त्यांनी विचारलं.

चार हात वर झाले. चारही तिच्या बॅचचे. सरांनी ते हात पाहून न पाहिल्यासारखं केलं, टेबलाला टेकले, आणि आपल्या बाजूच्या बारा मुलांकडे पाहत उभे राहिले. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तास चारपर्यंत होता.